गोठ्यापलीकडे पक्कं काही नाही

बेटाच्या दक्षिणेतल्या शमें ग्रेनिए गावच्या लोकांवर विश्वास ठेवायचा तर गोवर्धन भिवाजी पहिल्यांदा त्या गावात आला, तेव्हा त्याच्या हातातली मोजपट्टी इतकी लांब होती की एक टोक बाबूरावांच्या दुकानाला टेकलेलं असताना दुसरं टोक समुद्रात मासे हुसकत होतं. ती पट्टी ओलांडायची कशी हे न कळल्यामुळे दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबल्या. कोंबड्यांनी अंडी अर्ध्यावर आवरली. पोलीस चौकीतल्या एकुलत्या एका शिपायाने, आता आपल्यालाही मोजणार असं समजून, जे पोट आत ओढलं ते म्हणे पुढच्या दिवाळीपर्यंत बाहेर आलं नाही.

घडलं होतं ते असं. एकाहत्तर साली, दक्षिण भाग नगररचना मंडळाचा एक काटकुळा, नवा नोकर बाबूरावांच्या दुकानाचा ओटा रस्त्यावर आलाय की काय ते मोजायला बसमधून उतरला. मोजपट्टीला दोन टोकं असतात आणि मंडळाने माणूस एकच पाठवला होता. म्हणून त्याने दुकानाच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या मुलीला विनंती केली.

"हे टोक जरा भिंतीला धरता का? शून्य बरोबर भिंतीला टेकलं पाहिजे."

"आणि नाही टेकलं तर?" मुलीने विचारलं.

"शून्य हललं की पुढचं सगळं हलतं," गोवर्धन म्हणाला. त्या वयात मुलीशी बोलायला याहून बरं काही त्याला सुचत नसे. खरं म्हणजे पुढेही कधी सुचलं नाही.

मुलगी हुशार होती. माप वाढलं तर बापाचा ओटा वाचतो हे तिच्या चटकन ध्यानात आलं. गोवर्धन पाठ फिरवून रस्त्याकडे गेला तशी तिने ते शून्य दाराच्या आत, हातभर मागे नेलं आणि चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा करून उभी राहिली. गोवर्धनने रस्त्याच्या मध्यावर वाकून आकडा वाचला आणि मान वर न करताच म्हणाला, "शून्य घरात गेलंय. बाहेर आणा."

"तिथून कसं दिसलं तुम्हाला?"

"दिसलं नाही. पण या गावचा रस्ता एवढा रुंद नाही."

ओटा पाडावा लागला. बाबूरावांनी तो स्वतःच फोडला. प्रत्येक घावाला एक अशी तीन भाषांतली शिवी मंडळाला दिली, आणि वर्षाच्या आत त्याच काटकुळ्या नोकराला आपली मुलगी इंद्राणीही दिली. लोकांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आयतं मिळालेलं हातभर जो घेत नाही, तो सासऱ्याकडे काय मागणार?"

हिशेब चोख होता. फक्त असा माणूस बायकोला काय देणार, हा त्या हिशेबाचा दुसरा भाग बाबूरावांनी मांडला नाही.

इंद्राणी ग्रां बुआला नांदायला आली. गावाच्या शेवटच्या टोकाला, जिथे रस्ता दमून उसात शिरतो, तिथे भिवाज्यांचं घर होतं. घर म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. भिवाजी हे खापरपणज्याचं नाव. कोकणातून जहाजाने या बेटावर आलेल्या त्या माणसाला बंदरावरच्या कारकुनाने नाव विचारलं, आडनावाची जागाही त्याच नावाने भरली, आणि तेव्हापासून सगळं घराणं त्या एका नावाला लोंबकळत होतं. घराच्या दारात मात्र सिमेंटचं, रंग दिलेलं, कळसासकट मारुतीचं छोटं देऊळ होतं आणि त्यावर बांबूला लाल निशाण.

"देव सिमेंटात आणि माणसं पत्र्यात?" नव्या सुनेने विचारलं.

"तुझ्या सासऱ्याने आधी देवाचं केलं," हिराबाई, गोवर्धनची आई, म्हणाल्या. "आपलं करायच्या आत गेला. आता तुझा नवरा करील. सरकारात हाय तो. घरं बांधायच्या खात्यातच हाय."

आता या खात्याबद्दल सांगितलं पाहिजे. दक्षिण भाग नगररचना मंडळाची कचेरी दक्षिणेत नव्हती, रोझ हिलला होती. कारण दक्षिणेत कचेरी बांधायची तर मंडळाची परवानगी लागली असती आणि मंडळाला आपल्या कामाचा वेग ठाऊक होता. महिन्यातून एकदा सगळे सभासद लांब टेबलाभोवती बसत आणि दक्षिणेतल्या माणसांनी कुठे राहावं, कुठे कोंबड्या पाळाव्यात, कुठे केस कापावेत हे ठरवत. एकदा एका दारूच्या दुकानाचा अर्ज आला. दुकान शाळेच्या फार जवळ पडत होतं. मंडळाने दोन तास विचार करून दुकानाचं दार मागच्या बाजूला न्यायला सांगितलं. त्याने शाळेपासूनचं अंतर वाढलं आणि गिऱ्हाईकही वाढलं, कारण मागच्या दाराने जाणारा बायकोला दिसत नाही. अशा निर्णयांचे नकाशे काढण्याचं काम गोवर्धनकडे होतं. तो कोरून काढल्यासारखी रेघ काढी आणि मुंगीच्या पावलाने काढी. त्याला एक नकाशा दिला की सभासद आपापल्या मुलांची लग्नं उरकून घेत.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत झेर्वेझ वादळ आलं. भिवाज्यांच्या घराचा पत्रा एकेक करून उसावरून उडत गेला, जणू तो सुटायचीच वाट पाहत होता. हिराबाई, इंद्राणी, तिच्या कडेवरची लहानगी निर्मला आणि हातात गुंडाळलेले नकाशे घेतलेला गोवर्धन, अशी सगळी वरात शेजारच्या देवराजच्या गोठ्यात जाऊन बसली. देवराज हा गोवर्धनचा चुलतभाऊ. धंद्याने गवंडी, जिवाने गाईंचा. त्याने स्वतःच्या घराआधी गोठ्याला स्लॅब घातला होता. रात्रभर वारा किंचाळत होता आणि इंद्राणीच्या खांद्यावर एक गाय शांतपणे रवंथ करत होती.

सकाळी बाहेर आल्यावर दोनच गोष्टी उभ्या दिसल्या: गोठा आणि मारुतीचं देऊळ.

"ऐकलंत का," इंद्राणी म्हणाली. तिच्या केसांत गवत होतं. "मला दागिना नको, साडी नको. मला डोक्यावर स्लॅब पाहिजे. या गाईला आहे, मला नाही."

"घालू," गोवर्धन म्हणाला. आणि तो शब्द पाळणारा माणूस होता, हीच तर सगळी पंचाईत झाली.

कारण त्याच वादळाने मंडळालाही जाग आणली. जिकडेतिकडे लोक सिमेंटची घरं बांधायला निघाले होते. असंच चाललं तर ऊस कुठे लावायचा, म्हणून प्रत्येक गावाला एक रेषा आखायचं ठरलं. रेषेच्या आत वस्ती, बाहेर ऊस. आत पक्कं घर बांधायला परवानगी, बाहेर नाही. बाहेर जे पत्र्याचं असेल त्याने पत्र्यातच राहावं. दुरुस्तीसुद्धा पत्र्यानेच करावी. आणि रेषा कुठून जाणार? तर गावातलं शेवटचं पक्कं बांधकाम जिथे असेल, त्याच्या लगत बाहेरून.

शहात्तर साली ग्रां बुआचा नकाशा टेबलावर आला. मंडळाचे अध्यक्ष होते नंदलाल: घेराने मोठे, मनाने त्याहून मोठे, आणि बैठकीत डोळे मिटून ऐकणारे. त्यांनी एक डोळा उघडला.

"मिस्ये भिवाजी, हे तुमचंच गाव. शेवटचं पक्कं बांधकाम कुठलं?"

"देवराजचा गोठा, सर."

"गोठ्यापलीकडे पक्कं काही नाही?"

गोठ्यापलीकडे भिवाज्यांचं घर होतं, ते पत्र्याचं. पण त्याच्याही पुढे, दारात, मारुती उभा होता. सिमेंटचा, कळसासकट. नियमात कुठेही असं म्हटलं नव्हतं की पक्क्या बांधकामात माणूसच राहिला पाहिजे. गाय चालत होती तर मारुतीही चालला असता. "एक देऊळ आहे, सर" एवढं म्हटलं की रेषा चार पावलं पुढे सरकली असती आणि भिवाज्यांचं घर आत आलं असतं.

गोवर्धनने तोंड उघडलं. आणि त्याला संध्याकाळची बस दिसली. त्या बसमध्ये सगळा ग्रां बुआ बसलेला असतो. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंय, "पाहिलंत? सगळ्यांना सरळ रेघ आणि स्वतःच्या दारी वाकडी!" मागच्या बाकावरून दुसरा, "देवाला पुढे केलंन हो!" आणि सगळी बस हसतेय. अजून कुणीही काही बोललेलं नव्हतं. बस तर अजून आगारातून निघायची होती. पण गोवर्धनचे कान लाल झाले.

"काही नाही, सर," तो म्हणाला. "गोठ्यापलीकडे पक्कं काही नाही."

नंदलालांनी डोळा मिटला. गोवर्धनने आपल्या सुंदर, कोरीव हाताने गोठा आणि स्वतःचं घर यांच्यामधून काळ्या शाईची रेघ ओढली. एवढी सरळ रेघ त्याने जन्मात काढली नव्हती.

घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा इंद्राणीने आधी दारातल्या देवळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि मारुती?"

"तो मी धरला नाही."

"धरला नाही म्हणजे? तो काय उडून गेला होता?"

"लोक म्हणाले असते."

"मग जा उद्या आणि सांगा, विसरलो म्हणून."

गोवर्धनने बायकोला समजावलं, आणि समजावता समजावता त्याचं त्यालाच कळलं की आपण कुठे येऊन पडलोय. देऊळ आधीपासून होतं म्हणावं, तर सरकारी नकाशासाठी त्याने खोटं सांगितलं असं ठरणार, नोकरी जाणार. देऊळ नंतर बांधलं म्हणावं, तर ते रेषेबाहेरचं विनापरवाना पक्कं बांधकाम. पाडायचा हुकूम निघणार आणि तो घेऊन यायचं काम गोवर्धनकडेच येणार. गप्प बसावं, तर पत्र्यात बसावं. तिन्ही बाजूंनी वाट बंद होती आणि चौथ्या बाजूला ऊस होता.

"म्हणजे तुम्ही स्वतःला कोंडलंत," इंद्राणी म्हणाली, "आणि आम्हाला सोबतीला घेतलंत."

पुढची चार-पाच वर्षं ते पत्र्यातच राहिले. उन्हाळ्यात घर तव्यासारखं तापे. पावसात बोलायचं तर ओरडावं लागे. गावात ज्याला त्याला गोवर्धनच्या हातचा नकाशा मिळाला, स्लॅब पडले, स्लॅबांतून पुढच्या मजल्यासाठी गज वर आले. दर स्लॅबच्या दिवशी भिवाज्यांना जेवायचं आमंत्रण असे. तिथली चालच तशी आहे: स्लॅब घालायचा म्हणजे सगळं गाव बादल्या वाहायला येतं, दुपारी केळीच्या पानावर जेवतं, आणि त्या दिवशी कुणाला बोलवायचं राहिलं तर ते भांडण दोन पिढ्या पुरतं. इंद्राणी जाई, बादल्या वाही, जेवे, आणि घरी येऊन वर पत्र्याकडे बघत पडून राही.

मग एक्क्याऐंशीच्या सुमाराला गोवर्धनला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. घर लहान होत होतं.

पहिल्यांदा त्याचं कोपर भिंतीला लागलं. मग खाट आणि कपाट यांमधून सरळ जाणारा माणूस आडवा जाऊ लागला. बाहेरून घर होतं तेवढंच होतं, पत्र्याचं, गंजलेलं. आत मात्र भिंतीवर लग्नातली जाजमं टांगली गेली होती, आणि जाजमांमागे काहीतरी होतं जे पत्र्यासारखं वाजत नव्हतं. दिवसा तो रोझ हिलला असताना देवराज घरी येऊन जाई. त्याच्या चपलेला सिमेंट असे; पण तो गवंडीच, त्याच्या चपलेला आणखी काय असणार?

दुसऱ्या कुणाला असल्या बाबतीत फसवता आलं असतं. गोवर्धन हा नुसत्या नजरेने रस्त्याची रुंदी सांगणारा माणूस होता. चारी भिंती एकेक ब्लॉक आत आल्या आहेत हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण कळलं असं त्याने स्वतःला कळू दिलं नाही, कारण मंडळाच्या नोकराला बेकायदा बांधकाम कळलं तर ते त्याने वर कळवायचं असतं. म्हणून घरात शिरताना तो चष्मा काढून खिशात ठेवू लागला.

"काय वो, दिसतं का नीट?" इंद्राणी विचारी.

"काही दिसत नाही," गोवर्धन म्हणे.

"बरं आहे."

बाहेर स्वतः आखलेली रेघ आणि आत बायकोने चढवलेल्या भिंती, यांच्यामध्ये तो तीन वर्षं अंग चोरून जगला. पाहुणे आले की म्हणत, गोवर्धन जाड झालाय. झाला नव्हता.

चौऱ्याऐंशीत भिंती माथ्याला पोचल्या आणि सगळं अडलं. भिंत एकेका ब्लॉकने चोरून चढवता येते. स्लॅब चोरून घालता येत नाही. तो एका दमात ओतावा लागतो. त्याला माणसं लागतात, शिडी लागते, आरडाओरडा लागतो, जेवण लागतं. इंद्राणीने उपाय काढला: शनिवार धरायचा. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. गोवर्धनला काही सांगायचं नाही, उलट निघताना म्हणायचं की येताना रोझ हिलच्या बाजारातून ही एवढी मोठी यादी घेऊन या. तो परतेपर्यंत काँक्रीट वर, पत्रा त्याच्यावर, आणि सगळं शांत.

बेत उत्तम होता. त्यात हिराबाईंना धरलेलं नव्हतं.

हिराबाईंच्या मते स्लॅबच्या जेवणाला गावाला बोलवायचं आणि मुलाच्या साहेबाला बोलवायचं नाही, ही गोष्ट माणसात बसणारी नव्हती. महिन्यापूर्वी गणपती विसर्जनाला नंदलाल प्रमुख पाहुणे म्हणून ग्रां बुआत आले होते. त्यांच्या ओंजळीत मोदक ठेवता ठेवता हिराबाईंनी आपल्या खिचडी भाषेत, अर्धी मराठी, अर्धी भोजपुरी आणि शेवटी बेटावरची क्रेओल, त्यांना सांगून टाकलं: "मिस्ये, पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडं जेवाया यायचं. नाय म्हनायचं नाय." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, कारण मोदकांची रांग लांब होती. नंदलालांनी जेवणाचं आमंत्रण आयुष्यात कधी मोडलं नव्हतं.

त्या शनिवारी बारा वाजता गोवर्धन बाजाराची पिशवी घेऊन कचेरीतून उतरला, तर खाली नंदलालांची मोरिस गाडी उभी.

"बसा, मिस्ये भिवाजी! तुमच्याकडेच निघालोय. तुमच्या आईने बोलावलंय."

गोवर्धन बसला. गाडी चालू झाली. आणि मग आजच्या दिवसाचे तुकडे त्याच्या डोक्यात एकेक करून जुळत गेले: सकाळी दारात उलटी मांडलेली पंधरा-वीस घमेली. देवराजने नवीन घातलेला शर्ट. बाजाराची ती यादी, जिच्यात मीठ दोनदा लिहिलं होतं. क्युरपीपच्या आसपास त्याला घाम फुटला.

"सर, नूव्हेल फ्रांसला एका सलूनचा अर्ज आलाय. जाता जाता जागा बघून घेऊ?"

"शनिवारी? सोडा हो."

रस्ता चहाच्या मळ्यांतून उतरू लागला.

"सर, मला गाडी लागते. जरा थांबू या. तासभर."

"काच खाली करा," नंदलाल म्हणाले. "तुमची आई फणसाची भाजी करते ना? मला कुणीतरी सांगितलंय."

गोवर्धनने काच खाली केली. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, दाट, उंच. कुठे फट नव्हती. गावाच्या अलीकडेच तो आवाज आला. फावड्यांचा, बादल्यांचा, आणि चाळीस माणसं एकदम बोलत असल्याचा. साऱ्या दक्षिणेत त्या आवाजाचा अर्थ न कळणारं माणूस नव्हतं, आणि नंदलाल तर मंडळाचे अध्यक्ष होते.

गाडी थांबली. शिडीवर माणसांची साखळी होती, खांद्यावरून खांद्यावर बादल्या चढत होत्या. खाली खडी-सिमेंटच्या ढिगाशी, पदर खोचून, हातात फावडं घेतलेली इंद्राणी. चुलीवर तीन मोठाली पातेली. अर्ध्याहून थोडं जास्त काँक्रीट वर गेलं होतं. नंदलाल गाडीतून उतरले आणि सगळी साखळी जागच्या जागी थिजली.

हिराबाई एकट्याच आनंदात होत्या. "या, या, मिस्ये! पाय धुवा!"

नंदलालांनी घराकडे पाहिलं. मग नवीन शर्टावर ओघळ घेऊन उभ्या असलेल्या देवराजकडे. मग गोठ्याकडे.

"मिस्ये भिवाजी, हे घर कुणाचं?"

"माझं, सर."

"रेषेच्या बाहेर?"

"बाहेर, सर."

नंदलाल मोठ्या मनाचे होते हे वर सांगितलंच आहे. त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी रस्त्यात उभा आहे. मला चारी बाजूंनी पत्रा दिसतोय. तात्पुरतं बांधकाम, किरकोळ दुरुस्ती चालू आहे. तुम्हाला काय दिसतंय?"

सगळा ग्रां बुआ गोवर्धनकडे बघू लागला. शिडीवरच्यांनी श्वास धरला. इंद्राणीने फावड्यावर दोन्ही हात ठेवले. एक शब्द पुरे होता. "पत्रा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी.

"सर," गोवर्धन म्हणाला, "मी आत राहतो."

देवराजने हातातली बादली खाली ठेवली. कुणीतरी वरून "आयो!" म्हणालं. इंद्राणीचा चेहरा वादळानंतरच्या त्या सकाळी होता तसा झाला.

नंदलाल चिडले. मोठ्या मनाच्या माणसाला त्याचं मोठेपण परत केलं की तो चिडतोच. "मग लिहा! काम थांबवायचा हुकूम लिहा, आत्ता, इथेच. मी सही करतो."

"आधी जेवा," हिराबाई म्हणाल्या. "उपाशीपोटी सही करू नये."

केळीचं पान मांडलं गेलं. गोवर्धन देवळाच्या पायरीवर बसला, पिशवीतून कागद काढला, पेन काढलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि लिहायला लागला.

पहिली ओळ झाली. त्याने ती वाचली, डोकं हलवलं, कागद चुरगळला. दुसरा घेतला. समास आखला. समास तिरका वाटला म्हणून तिसरा घेतला. पेनाचं टोक पुसलं. मग गावाचं नाव असं लिहू लागला जणू ते संगमरवरात कोरायचं आहे. पातेल्यातून वाफ येत होती, नंदलालांना दुसऱ्यांदा भात वाढला गेला, आणि गोवर्धनचं गावाचं नाव अजून चालू होतं.

बाकीच्यांना ती त्याची नेहमीची मुंगीची चाल वाटली. इंद्राणीने मात्र नवऱ्याचा तो हात बघितला. नकाशा काढताना तो हळू चाले, पण कधी थांबत नसे. आता तो थांबत होता. दर शब्दानंतर कागदावर टेकून, नुसताच. दुकानाच्या दारातून हातभर आत नेलेलं शून्य तिला आठवलं. तिने फावडं उचललं.

"बघता काय?" ती दबक्या आवाजात साखळीवर खेकसली. "हुकूम अजून लिहितायत. हात चालवा!"

बादल्या पळू लागल्या. असा स्लॅब ग्रां बुआत कुणी पाहिला नव्हता. म्हाताऱ्यांनी काठ्या टाकल्या, पोरींनी परातीतून काँक्रीट नेलं, देवराज वर गुडघ्यावर बसून जे येईल ते सारवत सुटला. शेवटी शेवटी, खिडकीकडच्या कोपऱ्यात, थर किती जाड पडतोय हे बघायलाही कुणाला वेळ नव्हता.

नंदलाल फणसाच्या भाजीशी तिसऱ्यांदा बोलत होते. खाता खाता त्यांची नजर गोवर्धनच्या पाठीमागे गेली.

"हे देऊळ कधीचं?"

"मी लगीन होऊन आले त्या सालचं," हिराबाई म्हणाल्या. "हा जन्माला यायचा होता."

नंदलालांचा घास हातात राहिला. "गोठ्यापलीकडे पक्कं काही नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, भिवाजी?"

"हो, सर."

"का?"

"लोक म्हणाले असते."

"काय म्हणाले असते?"

"की स्वतःसाठी रेषा वाकवली."

नंदलालांनी वर पाहिलं. "काय हो देवराज, तुम्ही म्हणाला असता?"

"मी? मी तर बसमध्ये उभा राहून ओरडलो असतो!" देवराज स्लॅबवरून म्हणाला. "पण चार दिवस, मिस्ये. पाचव्या दिवशी बादली घेऊन आलोच असतो की. आज आलोय तसा. फक्त आठ वर्षं आधी."

गोवर्धन ते ऐकून कागदाकडे बघत राहिला. या वेळी तो मुद्दाम थांबला नव्हता.

शेवटची बादली वर गेली, देवराजने फळी फिरवली आणि वरूनच हात जोडले. तेव्हा गोवर्धनने पूर्णविराम दिला. हुकूम अतिशय सुंदर लिहिला होता: काम तात्काळ थांबवावे. काम थांबलेलंच होतं. करायचं काही उरलंच नव्हतं. नंदलालांनी हात धुतले, सही केली, कोपऱ्यावर तेलाचा एक ठसा उमटला. जाताना ते इंद्राणीला म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्याइतका हळू लिहिणारा माणूस माझ्या मंडळात दुसरा नाही."

"दुसरा असता तर मी त्याच्याशीच लगीन केलं असतं," इंद्राणी म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला आधी वाढलं.

हुकूम मात्र हुकूम होता. तो होता तोवर पक्क्या घराला वीज नाही, नळ नाही, बाहेरचा पत्रा काढायचा नाही, आणि पत्रा काढायचा नाही म्हणजे काँक्रीटच्या खिडक्यांसमोर पत्राच. सूर्य पत्र्याच्या भोकांतून आत येई, तेवढाच. वादळ आलं की सगळे निवांत झोपत; एरवी भरदुपारी कंदील लावून बसत. इंद्राणीला डोक्यावर स्लॅब मिळाला होता. गोवर्धन कंदिलाच्या उजेडात आता चष्मा घालून बसे, कारण आता कळवायचं काही राहिलं नव्हतं. निर्मलाच्या मैत्रिणी विचारत, तुझे बाबा घरात असे अंग चोरून का चालतात. सवय, ती म्हणे.

सत्त्याऐंशी साली स्वेटर विणणाऱ्या एका कारखान्याला ग्रां बुआच्या पलीकडच्या उसात जागा हवी झाली. नंदलाल तेव्हा मंडळावर नव्हते. नव्या अध्यक्षांनी विचारलं, रेषा पुढे सरकवायला काही हरकत? कुणाची नव्हती. चहा येण्याच्या आत विषय संपला. ती नवी रेघ गोवर्धननेच काढली. ती त्याच्या घरावरून, उसावरून, पार नदीपर्यंत गेली.

घराला वीज आली, पत्रा भंगारात गेला. खिडकीकडच्या कोपऱ्यात स्लॅब गळतो. खाली गोवर्धनची खाट आहे. खोली अरुंद असल्यामुळे ती दुसरीकडे मावत नाही. पावसाळ्यात उशाशी बादली ठेवतात.